नाटकाला जाणारी चार माणसं

नाटकाची गोष्ट सांगा म्हटलं, तर माझी दोन वाक्यांत संपते. एक कुटुंब असतं, त्यात भांडण होतं. पण नाटकाला गेल्याची गोष्ट सांगायला बसलो, की समोरचा चहा गार होतो, बायको तो पुन्हा गरम करून आणते आणि तोही गार होतो! पंधरा-सोळा वर्षं नाटकं बघतोय. त्यातली डोक्यात राहिली म्हणाल तर चार-पाच. फजित्या मात्र एकूण एक आठवतात. आणि मी विसरायचं ठरवलंच, तर आठवण करून द्यायला बाकीचे तिघं आहेत की!

त्या तिघांची ओळख आधी करून देतो. आम्ही नंदुरबारच्या एका शाळेत. मी देसले, भूगोल शिकवतो. पाटील सर पी.टी.ला, गाव धानोरा, घरी केळी आणि म्हशी, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाचा पोरगा पण सरळ उभा राहतो. वसावे मॅडम विज्ञानाच्या. माहेर वर सातपुड्यात, काठी गावाच्याही पुढे. त्या दिवसभरात दहा वाक्यं बोलतात आणि त्यातली नऊ कामाची असतात. चौथ्या पुष्पाभाभी. त्या शिक्षिका नाहीत, शाळेसमोर त्यांचं कापडाचं दुकान आहे. घरात मारवाडी, गल्ल्यावर गुजराती, गिऱ्हाईकाशी अहिराणी आणि राग आला की हिंदी.

आमच्याकडे मोठं नाटक वर्ष-दोन वर्षांत एखादं आलं तर आलं. म्हणून आम्हीच जातो. धुळे, जळगाव, नाशिक, कधी सुरत. पण फक्त दुपारचा प्रयोग! कारण गाडी पाटील सरांची, आणि अंधार पडल्यावर त्यांना रस्ता नीट दिसत नाही. हे आम्हा तिघांना माहीत आहे. त्यांना अजून मान्य नाही.

*

पहिल्यांदा धुळ्याला निघालो, तेव्हा नाटकाचा अनुभव असलेला मी एकटाच. (कॉलेजात असताना पुण्यात तीन नाटकं बघितली होती.) त्यामुळे सोनगीर येईपर्यंत मी वर्ग घेतला. खोकला आला तर रुमाल तोंडावर धरायचा. शेजारच्याशी बोलायचं नाही. आणि मोबाईल सायलेंटवर. "एका माणसाचा मोबाईल वाजतो आणि दहा नटांची मेहनत वाया जाते," असं एक वाक्यही मी टाकलं. वसावे मॅडमनी मान डोलावली. पाटील सरांनी तर फोन गाडीतच ठेवला!

नाटक जबरदस्त रंगलं होतं. म्हातारा बाप, परदेशी गेलेल्या मुलाचा फोटो हातात घेऊन उभा. अख्खं एक मिनिट तो काहीच बोलत नाही. नाट्यगृहात पंख्यांचा आवाज तेवढा.

आणि माझ्या पँटच्या खिशातून माझी बायको बोलली,

"ओ, आयकी ऱ्हायनात का? बी.पी.नी गोयी लिधी का?"

झालं असं होतं, की साध्या अलार्मला मी दाद देत नाही म्हणून सुनंदाने स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून चारच्या गोळीसाठी लावून ठेवला होता. फोन सायलेंट केला तरी अलार्म वाजतो, हे ज्ञान मला त्या क्षणी मिळालं. मी खिशात हात घातला. बसल्या जागी पँट इतकी घट्ट, की हात आत गेला आणि तिथेच अडकला. सुनंदा दुसऱ्यांदा, जरा चढ्या आवाजात, "गोयी लिधी का?"

स्टेजवरच्या म्हाताऱ्याने फोटोवरून नजर काढली नाही. थकलेल्या आवाजात, अगदी त्या बापाच्याच आवाजात, तो म्हणाला, "घेतली गं, घेतली."

असा टाळ्यांचा कडकडाट झाला की विचारू नका! मी खुर्चीत जितका खाली जाता येईल तितका गेलो. पाटील सर माझ्या कानाशी आले आणि त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाले,

"सर, तुमनी गोयी त्यानी खाई लिधी!"

*

सुरतेचा घोळही माझाच. मोबाईलवर तिकिटं काढणारा आमच्यात मी. नाटकाचं नाव ओळखीचं, मराठीत गाजलेलं. चार तिकिटं काढली, सकाळची ट्रेन पकडली. नवापूर मागे पडलं, स्टेशनांच्या पाट्या बदलल्या, आम्ही भाभींच्या डब्यातले ठेपले खाल्ले, मजेत पोहोचलो. पडदा वर गेला. नट पहिलं वाक्य बोलला आणि पाटील सरांनी माझ्याकडे बघितलं.

नाटक गुजरातीत होतं! नाव दोन्ही भाषांत तेच. कुठल्या भाषेत आहे ते खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, आणि चष्मा बदलायचा मी एक वर्ष टाळत होतो.

आता चूक कबूल करायची, की निभावून न्यायचं? मी निभावून न्यायचं ठरवलं. "गुजराती म्हणजे काय, आपल्या अंगणातलीच भाषा," मी म्हणालो. "मी सांगत जातो."

पण बाजारात भाव विचारताना कळणारं गुजराती आणि स्टेजवर चार माणसं एकदम भांडताना बोलतात ते गुजराती, यात फार अंतर आहे हो. भाभी पोट धरून हसत होत्या. त्या हसल्या की मी हसायचो, दोन सेकंद उशिरा. मग वसावे मॅडम विचारायच्या, "काय म्हणाला?" आणि मी म्हणायचो, "ते मराठीत सांगून मजा नाही."

दुसऱ्या अंकात थोरला मुलगा धावत आला आणि म्हणाला, "बापुजी धाममां गया!"

हे मला कळलं! इतका आनंद झाला की मी मागच्या तीन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात पाटील सरांना सांगितलं, "म्हातारा चारधामला गेला! नशीबवान शे!"

स्टेजवर सगळे हंबरडा फोडून रडायला लागले.

भाभींनी पदर तोंडाला लावला. रडायला नव्हे. आणि पलीकडचे एक अनोळखी काका माझ्याकडे वळून, अगदी समजूत घालावी तसे, स्वच्छ मराठीत म्हणाले, "वारले ते."

*

खाण्याच्या बाबतीत भाभींचा एक नियम आहे. त्यांच्या पिशवीत खाकरा असतोच. आणि खाकरा ही काही गुपचूप खाण्याची वस्तू नाही! म्हणून टाळ्या पडल्या की खायचं, टाळ्या थांबल्या की चावणं थांबवायचं. इतकी वर्षं हे छान चाललंय.

जळगावला मी प्रयोगाची वेळ चुकीची सांगितली. चार म्हणालो; होता दोनला, हे जळगावात शिरल्यावर कळलं. जेवण न करता धावतपळत शिरलो. आणि नाटक असं निघालं की पाऊण तास झाला तरी एक टाळी नाही. पाटील सरांच्या पोटातून आवाज यायला लागले.

तेवढ्यात स्टेजवर पोस्टमन आला. "पत्र" म्हणाला, पत्र दिलं, वळला.

भाभींनी डब्याचं झाकण उघडलं आणि कुजबुजल्या, "सर, बजाओ!"

आम्ही चौघांनी जोरात टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेला वाटलं आपलं काहीतरी निसटलं, त्यांनीही वाजवल्या. मग सगळ्या हॉलने. आम्ही एकेक खाकरा संपवला. पोस्टमन दारातच थबकला होता. त्याने मागे वळून बघितलं, की आपल्या मागून कोणी मोठा नट आलाय की काय!

दुसऱ्या वेळी तो आला तो छाती पुढे काढून. "पत्र!" टाळ्या. दुसरा खाकरा. तिसऱ्या वेळी पत्र देऊन तो जरा उभा राहिला, पत्राकडे बघून एक उसासा टाकला. तो उसासा नाटकात नसावा, कारण नायिका चमकून त्याच्याकडे बघायला लागली. टाळ्या! तिसरा खाकरा, वर लोणचं.

प्रयोग संपल्यावर आम्ही पार्किंगकडे निघालो, तर मागून तो पोस्टमन धावत आला. खाकी सदरा अजून अंगावरच. पन्नाशीचा, साधा माणूस. "तुम्हीच ना ते? पहिल्या टाळ्या तुमच्या होत्या. इतकी वर्षं पत्रं वाटतोय, आज पहिल्यांदा एन्ट्रीला टाळी पडली. नेमकं काय आवडलं, सांगाल का?"

मी पायातल्या चपलांकडे बघायला लागलो. पाटील सर गाडीची किल्ली शोधायला लागले. ती त्यांच्या हातातच होती. भाभींनी मात्र ओठावरचा मसाला पुसला आणि अगदी मनापासून सांगितलं,

"भाईसाब, आप आते हो ना, तो पेट भर जाता है!"

तो माणूस डोळे पुसत परत गेला.

*

शाळेजवळच्या हॉलमध्ये आपल्याच गावातल्या हौशी मंडळींचा प्रयोग होता. त्यांची घंटा ऐन वेळी बिघडली. मी म्हणालो, थांबा! आणि शाळेतून पितळी तास आणि लाकडी टोला घेऊन आलो. पहिली घंटा दिली. दुसरी दिली. तिसरी घंटा म्हणजे कशी, भारदस्त पाहिजे. मी सलग वाजवत सुटलो.

हॉलमध्ये निम्मे लोक आमच्या शाळेचे. आत्ताचे विद्यार्थी, जुने विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे आई-बाप झालेले विद्यार्थी. आणि आमच्या शाळेत सलग घंटा म्हणजे एकच!

"छुट्टी व्हयनी रे!" कोणीतरी ओरडलं आणि हॉल उठला. मी विंगेतून हात हलवतोय, कोणी बघायला तयार नाही. सवयीचा जोर एवढा, की पाटील सर पण उठले. पण त्यांची सवय वेगळी. त्यांनी शिट्टी मारली आणि गरजले, "पळू नका! लाईनमां चाला!"

दोन मिनिटांत हॉल रिकामा झाला. अगदी शिस्तीत.

सगळ्यांत पुढे हेडमास्तर होते.

*

नाशिकला मध्यंतरात बाथरूमची रांग इतकी लांब, की मी परत आलो तेव्हा अंधार झाला होता आणि दुसरा अंक सुरू. चाचपडत आपली रांग गाठली, पाटील सरांच्या शेजारी बसलो. सरांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली. मी मूठभर घेतले.

दुसरा अंक काही जमत नव्हता. तीच ती खोली, तेच ते भांडण. मी सरांकडे झुकून म्हणालो, "लेखकाचं पहिल्या अंकातच सगळं संपलं. आता नुसतं पाणी घालतोय."

सरांनी पुडी माझ्याकडे सरकवली. मी आणखी शेंगदाणे घेतले.

"या बाईला काहीतरी आजार देईल बघा आता. दुसरं काही सुचणार नाही त्याला."

पाच मिनिटांत स्टेजवरच्या बाईला खोकला सुरू झाला. मी जिंकल्यासारखा सरांच्या मांडीवर थाप मारली. मग तर मला चेवच चढला. वाक्य संपायच्या आत मी पुढचं वाक्य सांगायला लागलो. चार बरोबर आली! पुडी संपवली, कागद चुरगळून सरांच्याच हातात दिला.

पडदा पडला, दिवे लागले. निवेदक माईकवर म्हणाला, "आज आपल्यात या नाटकाचे लेखक उपस्थित आहेत. त्यांनी रंगमंचावर यावं!"

माझ्या शेजारचा माणूस उठला. पाटील सर नव्हते. पाटील सर दोन रांगा पुढून मला खुणा करत होते.

लेखकाने हातातला चुरगळलेला कागद नीट खिशात ठेवला आणि फार नम्रपणे म्हणाला, "जरा पाय घेता का? आजारपण संपवून येतो."

*

आता हा शेवटचा. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातला.

माझ्या डोक्यात आलं, आपण सारखं नाटकाकडे जातो, एकदा नाटकालाच गावात आणू. एका नटाचा एकपात्री प्रयोग ठरवला. साठीचे गृहस्थ, एकटेच गावोगाव फिरून करायचे. नाटक एका म्हाताऱ्या एस.टी. कंडक्टरचं, त्याच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाचं. रविवार पकडला, दुपारी तीनची वेळ दिली, पोस्टर लावली. सगळं केलं, फक्त पंचांग बघितलं नाही. त्या दिवशी एवढी दाट लग्नतिथी होती की गावात बँडवाला शिल्लक नव्हता! सगळं नंदुरबार कुणाच्या ना कुणाच्या मांडवात जेवत होतं. सहाशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये माणसं सदतीस. त्यात आम्ही चौघं.

आणि एक वसावे मॅडमचे वडील. मॅडमनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. डोंगरातून दोन जीप बदलून, मग एस.टी.ने आले होते. सत्तरीच्या पुढचे, काटक, पांढरं धोतर, डोक्याला रुमाल. पहिल्या रांगेत मधोमध ताठ बसले होते.

त्यांना मराठी थोडं कळायचं, बोलणं मात्र त्यांच्या भाषेतच. मी त्यांच्या शेजारी बसून नाटक समजावून सांगायला घेतलं. "बाबा, स्टेजवर जो माणूस येईल, तो खरा कंडक्टर नाही बरं का. तो सोंग घेतो. रडला तरी घाबरायचं नाही. ते खरं नसतं." मॅडम त्यांच्या भाषेत सांगत होत्या. बाबा मान हलवत होते. मी मेकअप म्हणजे काय तेही सांगितलं. वीस मिनिटं सांगितलं.

शेवटी पाटील सरांनी माझी बाही ओढली. "सर, ऱ्हाऊ द्या आते. तो बाबा काठीनी होयीमां तीस वरीसपाईन नाची ऱ्हायना."

मी मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "हो. होळीचा नवस आहे त्यांचा. लोक तो ठरावीक वर्षांचा बोलतात. अंगभर राखेचे ठिपके काढायचे, कमरेला घुंगरू, वाळलेले भोपळे. डोक्यावर मोरपिसांचा टोप. आधी नियम पाळायचे, खाटेवर बसायचंसुद्धा नाही. मग रात्रभर नाचायचं, आणि पुढे गावोगावच्या होळीला."

"मग मगाशीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सांगत होतात ना सर."

मी उठून आत गेलो. आत वेगळंच चाललं होतं. नटाने पडद्याच्या फटीतून खुर्च्या बघितल्या होत्या. कंडक्टरचा खाकी कोट मांडीवर घेऊन ते नुसते बसले होते. "सर, रद्द करू या," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. "तुमची चूक नाही. गेल्या तीन गावांत असंच झालं. हा दौरा संपला की मी थांबणारच होतो. आज थांबलो, एवढंच."

मी त्यांच्यासाठी पाणी ओतायला लागलो. मागून वसावे मॅडम आल्या होत्या.

"माझे वडील पहाटे घरून निघालेत," त्या म्हणाल्या. "नाटक बघायला पहिल्यांदाच डोंगर उतरलेत. तुम्ही नका करू प्रयोग. फक्त त्यांना काय सांगायचं, ते मला सांगा."

नट बराच वेळ कोटाच्या बटणाशी खेळत राहिले. मग म्हणाले, "कुठे बसलेत?"

"पहिल्या रांगेत. मधोमध."

त्यांनी कोट अंगात घातला.

प्रयोग कसा झाला, ते मला सांगता येणार नाही. एवढंच सांगतो, की त्या दोन तासांत पाटील सर झोपले नाहीत आणि भाभींनी पिशवी उघडली नाही. शेवटी कंडक्टर रिकाम्या बसमधून उतरतो तेव्हा भाभींनी माझाच रुमाल घेतला. बाबा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तसेच ताठ. हसले नाहीत, टाळी वाजवली नाही, डोळ्यांची पापणी हलली की नाही शंका. मला वाईट वाटलं. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काही कळलेलं दिसत नाही. अजून थोडं समजावून सांगायला हवं होतं!

प्रयोगानंतर बाबाच म्हणाले, त्या माणसाला भेटायचंय. आम्ही सगळे आत गेलो. नट आरशासमोर बसून तोंड पुसत होते. अर्ध्या चेहऱ्यावरचा म्हातारा पुसून झाला होता, अर्ध्यावरचा बाकी होता. बाबांना बघून ते उठायला लागले. बाबांनी हाताने बसवलं. समोर खुर्ची होती, तिच्यावर न बसता खाली जमिनीवर बसले. मग नट पण खाली आले.

बाबा त्यांच्या भाषेत काहीतरी विचारत होते. मॅडम जरा अडखळल्या.

"काय म्हणतात?" नटाने विचारलं.

"विचारतात, तुमचा नवस किती वर्षांचा बोललेला आहे?"

मी घाईघाईने पुढे झालो. "नाही नाही, बाबांचा जरा गैरसमज..."

"थांबा हो सर," नट म्हणाले.

हातातला कापूस त्यांनी खाली ठेवला. बाहेर कुठल्यातरी लग्नाचा बँड लांब जात होता. मग म्हणाले, "त्यांना सांगा, मोजून नाही बोललो."

मॅडमनी सांगितलं. आणि त्या दिवसात पहिल्यांदाच बाबा हसले. पुढचे दोन दात नव्हते. त्यांनी नटाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि एकच शब्द बोलले.

"काय म्हणाले?" नटाने विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "म्हणतात, मीपण."